विषय: ठाण्यात जिम काढायची आहे, पण नेमकी कोणासाठी?

प्रेषक: ढोलपथकातला दादा

मंडळी, नमस्कार.

पुढच्या जूनमध्ये आम्ही परदेशातून कायमचे ठाण्याला परत चाललोय. बायकोचं ऑफिस ऐरोलीला, घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे. मला आता आयटी नको. गेली चार वर्षं शनिवार-रविवार इथे लोकांकडून व्यायाम करून घेतोय, प्रशिक्षकाचं रीतसर प्रमाणपत्रही आहे. डोक्यात आहे ते असं: दोनेक हजार फुटांचा गाळा, उत्तम मशीन्स, आणि सगळ्या वयाच्या लोकांसाठी सगळं. घोडबंदरला टॉवरच टॉवर, त्यामुळे गिऱ्हाईक कमी पडायचं नाही.

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. बोचरं असलं तरी चालेल.

प्रेषक: माजी खजिनदार

बोचरं तर बोचरं. "सगळ्यांसाठी सगळं" म्हणजे आपल्या गणपतीचं जेवण. पंगतीला सगळे, वर्गणीला मोजके.

त्या प्रत्येक टॉवरमध्ये पोडियमवर स्वतःची जिम आहे, आणि मेंटेनन्समध्ये तिचे पैसे लोक आधीच भरतात. त्यांनी खाली उतरून, रस्ता ओलांडून तुझ्याकडे का यायचं, हे मला एका वाक्यात सांग. जमलं नाही तर गाळा बघू नकोस.

हिशेबाचं एक. सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला. ऐकायला गोड. पण ५ वाल्यांना मशीन्सवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही, म्हणजे जेवढं लोखंड जास्त तेवढा तो कर तुझ्याच खिशातून. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीच लागत नाही. लहान सुरुवात कर म्हणतोय ते उगीच नाही. आणि पाटीवर झुंबा किंवा क्रॉसफिट लिहिण्याआधी परवान्याचं बघ. ती नावं कोणाच्या तरी मालकीची आहेत.

प्रेषक: पाचपाखाडीकर (ठाण्याला परतलो, तरी ही मेलिंग लिस्ट सुटत नाही)

दादा, तुझा मेल वाचताना माझाच जुना मेल वाचतोय असं वाटलं. बहिणीबरोबर मानपाड्याला स्टुडिओ काढला होता. चौदा महिन्यांनी शटर ओढलं. लाज वाटायची तेवढी वाटून झाली, आता सांगतो.

भाडं चोवीस तासांचं आणि धंदा चार तासांचा, हे आमचं दुखणं. ठाण्यातला नोकरदार सकाळी सहा ते आठ येतो, नाहीतर लोकलमधून पिळून निघाल्यावर रात्री साडेआठनंतर. त्या वेळी ट्रेडमिलला रांग. मधले बारा तास आम्ही दोघं, दोन कुंड्या आणि वॉचमनची क्रिकेट कॉमेंटरी. शिवाय जानेवारीत वर्षाची फी सवलतीत घेतली, ती मार्चपर्यंत भाड्यात संपली. लोक एप्रिलपासून आले नाहीत म्हणून निभावलं. सगळे आले असते तर उभं राहायला जागा नव्हती! जो धंदा गिऱ्हाईक न येण्यावर चालतो तो मला करायचा नव्हता.

आता खरं सांगायचं ते. अकरा वाजता बहीण शाळकरी मुलांच्या आयांचा एक वर्ग घ्यायची. मी त्याला जोडधंदा समजायचो. शेवटपर्यंत भरलेला तोच एक वर्ग होता. आणि दुपारी चारला तीन आज्या यायच्या. त्यांनी एकाही मशीनला हात लावला नाही. त्यांची मागणी एवढीच, की खुर्चीतून हात न टेकता उठता आलं पाहिजे. एकीला महिन्या-दीड महिन्यात ते जमलं, तर दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. मला तेव्हा कळायला हवं होतं. मी त्या वेळी रोइंग मशीनचं कोटेशन बघत होतो.

तेव्हा तुझं गिऱ्हाईक एक्सेलमध्ये शोधू नकोस. सुट्टीत येशील तेव्हा पहाटे उपवनला उभा राहा, सकाळी अकराला एखाद्या सोसायटीच्या गेटवर, संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर. "जिमला का जात नाही" असं विचारलंस तर लोक "वेळ नाही" म्हणतात, कारण ते सभ्य उत्तर आहे. "शेवटचं कधी जात होतात आणि कशामुळे सोडलंत" असं विचार. मला मिळालेली उत्तरं: गाणी फार मोठ्याने. आरशासमोर पोरंच पोरं. कोणी लक्ष देत नाही. गुडघा दुखला तर ट्रेनर म्हणाला, "काकू, आज सायकल करा."

उपवन-येऊरला धावणारे भेटतील, पण त्यांचे ग्रुप आधीच आहेत. मैदानावर पोलीस भरतीची पोरं भेटतील. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, गोळाफेक, तारीख ठरलेली, जीव तोडून मेहनत. याहून नेमकी गरज नाही, पण खिसा रिकामा. त्यांना रविवारी फुकट शिकव, पुण्य लागेल. भाडं त्यातून निघणार नाही.

आणि "छान आहे हं, सुरू केलंत की कळवा" याचा अर्थ "नाही" असा होतो. क्लबहाऊस किंवा सोसायटीचा हॉल कमिटीकडून रीतसर मागून घे, बारा जणं, सहा आठवडे, पैसे आधी. संपल्यावर त्यातले किती जण पुन्हा पैसे काढतात ते मोज. बाकी सगळी हवा.

प्रेषक: नेरूळची फिजिओ (सध्या न्यू जर्सी)

पाचपाखाडीकर, तुमच्या त्या आज्यांवरून राहवेना म्हणून लिहिते.

दादा, माझे आईवडील नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये राहतात. चार मजले, लिफ्ट नाही. तरुणपणी जिने चढून संसार मांडलेली ती पिढी आता सत्तरीत आहे, आणि त्यांची मुलं या लिस्टवर आहेत. नौपाड्याच्या जुन्या इमारतींत वेगळं चित्र नसावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेत. आपल्याकडे मात्र "रोज चालतो की" यावर विषय मिटतो. चालणं चांगलंच, पण जिना उतरताना पाय थरथरतो तो चालून बरा होत नाही.

पण एक ताकीद. तू फिजिओ नाहीस. गुडघा बदललेला असेल, छातीत दुखत असेल, नुकतंच पडणं झालं असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हात लावायचा नाही. साखरेच्या गोळ्या चालू असलेले निम्म्याहून जास्त निघाले तरी आश्चर्य वाटून घेऊ नकोस. खाल्लंय का ते आधी विचारायचं आणि ग्लुकोज हाताशी ठेवायचं. जवळच्या एखाद्या फिजिओशी संधान बांध. ती तुझ्याकडे पाठवेल, तू तिच्याकडे.

प्रेषक: ढोलपथकातला दादा

खजिनदारकाका, वाक्य देतो: पासष्टीपुढच्यांना हात न टेकता उठता यावं, म्हणून दुपारी चारचा वर्ग, नौपाड्यात, तळमजल्यावर. मशीन नाही, बारा भक्कम खुर्च्या. गाळा रद्द. बायको खूश आहे, जरा जास्तच.

म्हणजे फी मुलांकडून इथूनच घ्यावी का?

प्रेषक: पाचपाखाडीकर

जपून. पैसे मुलगा देणार आणि यायचं आईला. मुलाला डॉलरमध्ये स्वस्त वाटतं, आईला रुपयांत महाग. शिवाय फुकटात मिळालेल्या वर्गाला पाहुणे आले की दांडी पडते. थोडे तरी तिच्या हातून घे, भले शंभर असोत.

प्रेषक: दिवाळी फराळवाल्या काकू

मी इतकी वर्षं नुसती वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई नौपाड्यात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या पावसाळ्यापासून खालीच उतरलेली नाही. तळमजल्यावरच्या वर्गाला ती येणार कशी, ते आधी सांग. पहिले दोन आठवडे तू घरी जाशील का? पैसे मी पाठवते. शंभर तिच्याकडून घे, पण बाकीचा आकडा तिला सांगू नकोस.