व्हर्टस 30-35 एमएम खाली आणायचीये, पण मागच्या सीटवर आईबाबा असतात. काय करावं?

वारजेकर_जीटी
नमस्कार मंडळी. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, टायर स्टॉक 205/55 आर16. रोज वारजे ते हिंजवडी हायवेने, आणि जमेल तेव्हा शनिवार-रविवार साताऱ्याकडे गावी, म्हणजे खंबाटकी आलाच. गाडी चालवायला एक नंबर आहे, तक्रार काहीच नाही, फक्त बाजूने बघितली की टायर आणि फेंडरच्या मधे चार बोटं आरामात जातात आणि ते मला बघवत नाही. 179 एमएम ग्राउंड क्लिअरन्स आपल्या रस्त्यांसाठी दिलाय हे कळतं हो, पण सेडान सेडानसारखी दिसावी एवढीच इच्छा.

अडचण अशी की बाबांना कंबरेचा त्रास आहे आणि गावाला जाताना ते मागेच बसतात. दोन-तीन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाला स्प्रिंग कापून देतो, तासाभराचं काम. दुसरा म्हणाला लोअरिंग स्प्रिंग टाक, शॉकअप तेच राहूदेत. तिसरा म्हणाला कॉइलओव्हरशिवाय (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा सेट) बोलूच नकोस. तिघांनीही "कम्फर्टला काही होत नाही" असं छातीठोक सांगितलं तेव्हाच मला शंका आली. सोबत 17 इंची अलॉय टाकायचा पण विचार चाललाय. ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा राव.

नानापेठी_स्पेअर
स्प्रिंग कापणाऱ्याचं नाव डोक्यातून काढून टाक आधी. स्प्रिंगमधे काम करणारे वेढे समज 6 आहेत आणि त्यातला 1 उडवला तर उरलेली स्प्रिंग 6 भागिले 5, म्हणजे 20 टक्के कडक होते, आणि हा कडकपणा कुणी ठरवून दिलेला नसतो, ग्राइंडर जिथं फिरला तिथं ठरतो. वर खालचं टोक सीटमधे नीट बसत नाही, गाडी जॅकवर घेतली किंवा मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून हलते. गरम करून बसवणारे तर त्याहून थोर, स्टीलचं टेंपरिंगच जातं त्यात. स्वस्त आहे म्हणून लोक करतात, बाकी कारण नाही.

घाटवेडा
@वारजेकर_जीटी तुझा प्रश्न बरोबर आहे पण सगळे उत्तर स्प्रिंगमधे शोधतात, आणि आराम जातो तो बहुतेक वेळा बंप स्टॉपवर (चाक पूर्ण वर गेलं की शेवटचा धक्का घेणारा ठोकळा). जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

चाक वर जायला शॉकअपमधे ठराविक जागा असते. समज गाडी उभी असताना ती 80 एमएम आहे (तुझ्या गाडीची मोजावी लागेल, हा आकडा हिशोबापुरता). तू 35 ने गाडी खाली आणलीस, उरले 45. आता तोच नवले पुलाखालचा खड्डा, तोच वेग, तेवढाच धक्का 45 मधे जिरवायचाय. नाही जिरला तर रॉड बंप स्टॉपवर आदळतो आणि तो जो "ठक" पाठीत बसतो त्याला लोक स्प्रिंग कडक आहे म्हणतात. स्प्रिंग बिचारी तोवर संपलेली असते. म्हणूनच लोअरिंग स्प्रिंग मुळात थोड्या कडक बनवतात, जागा कमी म्हणून. पण कडक म्हणजे किती हे कळायला एक साधा हिशोब आहे, गाडीची डुलण्याची फ्रीक्वेन्सी स्प्रिंगच्या वर्गमुळाने वाढते. स्प्रिंग 20 टक्के कडक केली तर फ्रीक्वेन्सी साधारण साडेनऊ टक्केच वाढते. साध्या कार 1 ते दीड हर्ट्झच्या आसपास असतात आणि माणसाला ते चालण्याच्या लयीसारखं वाटतं म्हणून मानवतं, तू 1.3 वरून 1.4 ला गेलास तर बाबांना कळणारसुद्धा नाही. 2 च्या पुढे गेलास तर चौकाच्या आतच कळेल.

त्यामुळे 35 चा हट्ट सोड आणि 25 वर ये. हा आकडा मी हवेतून काढलेला नाही, कारण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) आहे. गाडी खाली गेली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणारा दांडा) बाहेरचं टोक आतल्या टोकाच्या वर जायला लागतं, आणि मग रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षा जास्त खाली घसरतं. म्हणजे गाडी बसवली 35 ने पण वळणावर झुकवणारा हात (लिव्हर) उलट लांब झाला. मग ते झुकणं थांबवायला अजून कडक स्प्रिंग, मग आराम अजून कमी. 25-30 पर्यंत हे चक्र फार त्रास देत नाही. टाय रॉडचा (स्टिअरिंगने चाकं वळवणारा दांडा) कोन बिघडल्याने खड्ड्यात स्टिअरिंग ओढायला लागतं ते पण त्यानंतरच जाणवतं.

आता शॉकअप. स्टॉक शॉकअप स्टॉक स्प्रिंगसाठी ट्यून केलेला असतो. कडक स्प्रिंग दाबली गेली की परत उसळताना जोर जास्त असतो आणि जुना रिबाउंड (शॉकअपची उसळी आवरायची ताकद) तिला धरून ठेवू शकत नाही, मग स्पीडब्रेकरनंतर गाडी एकदा वर येऊन बसायच्या ऐवजी दोन-तीनदा हलते. मागच्या सीटवर मळमळ होते ती याने. शिवाय रॉड सतत आत राहून काम करतो. म्हणून लोअरिंगसाठी मुद्दाम आखूड बॉडीचे शॉकअप मिळतात, बिलस्टाइन कंपनीत बी6 हा स्टॉक उंचीसाठी आणि बी8 हा खाली बसवलेल्या गाडीसाठी. बी8 आणि आयबाखच्या प्रो-किट स्प्रिंग एकत्र असा बी12 नावाचा सेटच येतो. तुझ्या मॉडेलला, तुझ्या एक्सल वजनाला पार्ट नंबर आहे का ते आधी तपासून घे, "बसतंय हो" वर विश्वास ठेवू नकोस.

17 इंची अलॉय मात्र विसर. आत्ता तुझी साइडवॉल (रिमच्या कडेपासूनची टायरची उंची, 205 चे 55 टक्के) 113 एमएमच्या आसपास आहे, 205/50 आर17 टाकलीस तर 102-103. ती गेलेली सेंटीमीटरभर हवा म्हणजे फुकटातलं सस्पेन्शन होतं. एक्सप्रेसवेच्या काँक्रीट जॉइंटवर जी टकटक येते ती स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आधी टायरनेच खायची असते.

एमएच12_निवृत्त
मी या फोरमवर वयाने मोठा असेन म्हणून अरेतुरे करतो, राग नको. गाडी कंपनीने 179 ठेवली ती चाकणला बसलेल्या माणसांनी आपलेच रस्ते बघून ठेवली ना? मग चार बोटं जागा दिसते तर दिसूदे की. असो, ज्याची त्याची हौस.

पण कायद्याचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मधे सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत 182अ कलम आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला, पार्ट रेट्रोफिट करून केला तरीसुद्धा, तर दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्प्रिंग बदलल्याने आरसीवरचा नेमका कुठला रकाना बदलतो यावर वाद घालता येईल, पण तो भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभं राहून घालायचाय का हे तू ठरव. इन्शुरन्सला लेखी कळव. न कळवता केलंस आणि उद्या क्लेम आला तर सर्व्हेअरला आयतं कारण मिळतं.

वारजेकर_जीटी
@घाटवेडा दादा लय भारी, एवढं कुणीच समजावलं नव्हतं. 17 इंची कॅन्सल. @एमएच12_निवृत्त काका राग कसला, इन्शुरन्सचं डोक्यातच नव्हतं, ईमेल टाकतो. वॉरंटीचं पण विचारणार होतो, शॉकअप किंवा ड्राइव्हशाफ्टचं काही निघालं तर?

एमएच12_निवृत्त
त्या भागातला क्लेम नाकारतील असंच धरून चाल. इंजिन-गिअरबॉक्सचा संबंध नाही, पण भांडायची तयारी ठेव.

लो_अँड_स्लो
इथे सगळे कॉइलओव्हरला घाबरवून सोडतायत 😄 चांगल्या कॉइलओव्हरवर आमच्या घरची आजी पण निवांत झोपते. फायदा हा की उंची हातात असते, पावसाळ्यात 10 एमएम वर, दिवाळीनंतर खाली. केडब्ल्यू कंपनीचं बघ, व्ही1 ला फक्त उंची, व्ही2 ला रिबाउंड पण, व्ही3 ला कॉम्प्रेशन (दाबलं जाताना होणारा विरोध) पण सेट होतं. भावा एकदाच खर्च कर.

घाटवेडा
@लो_अँड_स्लो चांगल्या म्हणजे चांगल्या, ते मान्य. पण नवीन माणसाला हे सांगूया की स्वस्तातल्या बऱ्याच कॉइलओव्हरमधे उंची स्प्रिंगखालची रिंग फिरवूनच बदलते. ती खाली घेतली की गाडीसोबत चाकाचा वर जायचा ट्रॅव्हल पण कमी होतो, म्हणजे परत बंप स्टॉपचीच गोष्ट. ज्यात खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो त्यात स्ट्रोक शाबूत राहतो. आणि व्ही3 सारखं कॉम्प्रेशन हातात आल्यावर लोक ते "स्पोर्ट" वाटावं म्हणून कडक करून ठेवतात आणि मग मला मेसेज करतात की दादा गाडी आपटते. डँपरमधे (म्हणजे शॉकअपमधे) स्लो आणि फास्ट म्हणतात ते गाडीच्या वेगाबद्दल नसतं, रॉड किती झटक्याने आत जातोय त्याबद्दल असतं. वळणावर झुकताना रॉड हळू जातो, खड्ड्याच्या कडेवर सटकन. बाबांची कंबर वाचवायची तर सटकन वालं नरम पाहिजे. आणि दर पावसाळ्यात उंची बदलणार म्हणतोस तर दर वेळी अलाइनमेंट पण करणार का? टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीयत ते) हलतो उंचीबरोबर, आणि टायर आतून खाल्ला जातो त्यात कॅम्बरपेक्षा (चाकाचा उभा कल) टोचा हात मोठा असतो.

लो_अँड_स्लो
अलाइनमेंट मी करतो बाबा दर वेळी, माझं वेड आहे. पण रोजच्या वापराला स्प्रिंग आणि मॅच शॉकअप पुरेसं आहे हे मान्य. तरी रिंग गंजून जाम होतात हे तू विसरलास सांगायला, पावसाळ्यानंतर धुवून ग्रीस लावायला लागतं 🙂

सिंहगडरोड_सेडान
ड्रॉप किती ते ठरवायच्या आधी सोसायटीचा रँप आणि रोजचे स्पीडब्रेकर बघ. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात हंप 17 मीटर त्रिज्येचा, 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असा आहे, त्यावरून बसवलेली सेडान पण अलगद जाईल. पण आपल्या गल्लीत रात्रीत उगवतो तो डांबराचा ढिगारा, मीटरभर रुंद, आणि त्याला कसली त्रिज्या न् कसलं काय. त्यावर मधला भाग लागतो, पुढची दोन चाकं उतरली की. 179 हा रिकाम्या गाडीचा आकडा आहे, पाच माणसं आणि गावाकडची तांदळाची पोती टाकल्यावर काय उरतं ते टेप लावून मोज, मग त्यातून 25 वजा कर. मित्राच्या गाडीचा चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) रँपच्या वरच्या कडेला लागला होता, नशिबाने खाली गार्ड होता. तिरकं चढवायची सवय लागते, पण मागचा माणूस हॉर्न वाजवतो.

आणि पावसात आमच्या रोडची अवस्था सगळ्यांना माहितीये. खाली असलेली गाडी पाण्यात घालायचीच नाही.

घाटवेडा
+1 पूर्ण लोडवर मोजायचं. मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, सगळा भार मागे येतो आणि मागच्याच सीटवर बाबा. म्हणून मागे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग घे, म्हणजे सुरवातीला मऊ आणि दाबत गेलं की कडक. लिनिअर स्प्रिंग ट्रॅकवर शोभते. आणि मागे 25 पेक्षा कमीच आण, 15-20 पुरे, चार जण बसले की ती आपोआप पुढच्याएवढी दिसते.

अजून एक, फिटिंगनंतर डस्ट बूट वर करून शॉकअपच्या रॉडवर एक पातळ केबल टाय घट्ट बांधायला सांग आणि तो शॉकअपच्या बॉडीला टेकवून ठेवा. बाबांना घेऊन तुझ्या नेहमीच्या रस्त्याने जाऊन ये, मग तो केबल टाय शॉकअपच्या रॉडवर किती वर सरकलाय ते बघ. बंप स्टॉपपर्यंत गेला असेल तर अंदाज बांधत बसायला नको, जागा संपतेय. मग एकतर उंची थोडी वाढव नाहीतर किटसोबत जो आखूड बंप स्टॉप सांगितलाय तो टाकलाय का बघ. काढूनच टाकतात काही जण, ते करू देऊ नकोस, मग धातूवर धातू.

वारजेकर_जीटी
ठरलं मग. पुढे 25, मागे 15-20, प्रोग्रेसिव्ह, आखूड शॉकअपसकट पूर्ण सेट, टायर 16 चेच. आधी लोड टाकून मोजतो, मग ऑर्डर. गॅरेजवाल्याला अजून काही सांगायचंय का? तो जरा घाईचा आहे.

नानापेठी_स्पेअर
घाईचा आहे म्हणूनच सांगतो. लोअर आर्मच्या आणि मागच्या बीमच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना फायनल टाइट करायचे नाहीत. बुश रबराचा आहे, टाइट केला त्या कोनात तो धरला जातो, आणि गाडी खाली टेकवली की कायम पिळलेला राहतो. मग नवी गाडी कारण नसताना ताठ लागते आणि बुश लवकर फाटतो, आणि दोष स्प्रिंगला मिळतो. चारही चाकं रँपवर टेकवून, गाडीचं वजन त्यावर आल्यावर टॉर्क रेंचने. समोर उभा राहून करून घे. स्ट्रट माउंटचा बेअरिंग त्याच वेळी बदल, मजुरी एकदाच पडते. हेडलाइटची बीम पण परत सेट करायला लाव, पुढे-मागे वेगळं उतरवलंयस त्यामुळे ती हलणार.

जुने स्प्रिंग आणि शॉकअप गॅरेजमधे सोडून येऊ नकोस बरं का. गाडी विकताना लागतात.

वारजेकर_जीटी
बेडखाली जागा केलीये. आईला अजून सांगितलेलं नाही.