घरीच शिकणाऱ्या पोरीचं 'पहिलं वाचन' बाबाला कसं दाखवायचं?

भांडेवाटी: मुलगी साडेसहा वर्षांची, शाळेत घातलं नाही. बाराखडी येते, पण 'र'च्या जोडाक्षरांशी तिचं दोन महिने भांडण. मंगळवारी नागपुरात बर्डीला सिग्नलवर गाडी थांबली, पुढे उभी राहून ही ओरडली, "आई, ट ची टोपी खाली पडली! मे-ट्रो!" मी गाडी बाजूला घेतली अन् चक्क रडले.

नवरा कोराडीला शिफ्ट ड्यूटीत. संध्याकाळी "बाबाला वाचून दाखव" म्हटलं, तर पोट्टी पाटीच पालथी घालून बसली. तो हसत म्हणाला, "तुम्हा दोघींचंच सगळं." हसत म्हणाला, पण लागलंच न. वरून काटोलहून सासूबाईंचा फोन, "निकाल कधी आहे?" तुमच्याकडे कसं करता?

बुटीबोरीकर: पहिले तर परत वाचायला लावू नका. तिचं वाचून झालं, आता तो नुसता नाटकाचा प्रयोग. त्यापेक्षा एखादी गोष्ट पूर्ण बाबाकडे सोडा. आमच्याकडे मोजमाप माझं. पोराला झिरो माईलला नेलं, तिथल्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट कोरलीय. "मध्ये टिंब काहून?" तिथून दशांश सुरू झाले. घरी येऊन टेप काढला, फुटाचे मीटर केले, 311च्या जवळपास आले. बायकोला दुसऱ्या दिवशी कळलं. मग ती रुसली, ते वेगळं.

निंबूसोडा: शाळेतल्या पोरांचं पहिलं वाचन तरी कोणते आईबाप पाहतात? आजीला कागदच हवा असेल तर एनआयओएसची (केंद्राची मुक्त शाळा) ओबीई, म्हणजे मुक्त मूलभूत शिक्षण आहे, त्यातला 'अ' स्तर म्हणजे तिसरीच्या बरोबरीचा. दहावीला मात्र वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. तोवर आजीलाच पोरीच्या हातचं पत्र पाठवा, चुकांसकट.

भांडेवाटी: पत्र गेलं. 'आजी'तला ज उलटा आहे, तसाच ठेवला.

रविवारी दोघं मेट्रोनं फिरले. मी घरी वडाभात करत होती. याचा फोन, "कस्तुरचंद पार्क वाचलं! गड्डीगोदामला अडकली, पण वाचलं!" मी विचारलं, कुठं अडकली, ड्ड ला? बोट ठेवलं होतं का? टोपीसारखं काही म्हणाली का?

म्हणे, "लक्ष नाही दिलं बा, मी फोटो काढत होतो."