मदत हवी आहे: ड्रोन उडतो, बॅटरी-उंची दिसते, पण लाइव्ह चित्र काळं

फलटणचा_कॅमेरा:

नमस्कार मंडळी,

लग्नाच्या शूटिंगसाठी घडीचा छोटा ड्रोन वापरतो, २५० ग्रॅमच्या आतला. रिमोटला स्वतःची स्क्रीन नाही, मोबाइल केबलने जोडावा लागतो. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा ‘हा घ्यायला हवा होता, तो कशाला घेतला’ या वळणावर जाईल.

अडचण अशी आहे. ड्रोन चालू होतो, रिमोट लगेच जोडला जातो. अ‍ॅपमध्ये बॅटरी, उंची, सॅटेलाइट, नकाशा सगळं दिसतं, सिग्नलच्या काड्याही पूर्ण. फक्त मधे जिथे चित्र यायला हवं तिथे मिट्ट काळोख. कधीकधी चालू केल्या केल्या थोडा वेळ चित्र येतं आणि गचकन जातं. उडवून बघितला, उडतो झकास. जिंबलबद्दल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या फिरत्या भागाबद्दल, अ‍ॅपमध्ये लाल पट्टी वगैरे काही येत नाही.

अ‍ॅप काढून परत टाकलं, मोबाइल बंद-चालू केला, फर्मवेअर ताजं आहे याची खात्री केली, रिमोट नव्याने पेअर केला. काडीचा फरक नाही.

दुकानदाराने हातात घेतला, उलटापालटा केला आणि न उघडताच सांगितलं, ‘मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या.’ तुळशीचं लग्न लागलं की आमच्या तारखा सुरू होतात, आणि हल्ली वरातीचा वरून शॉट नसेल तर पार्टी पुढचं बोलतच नाही. खरंच बोर्ड गेला असेल का? तपासायला सुरुवात कुठून करू?

गच्चीवरून:

आधी केबल बदला भाऊ. स्वस्तातल्या बऱ्याच केबलमध्ये नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. दिसायला सगळ्या सारख्याच.

वायरमन:

गच्चीवाले, डेटाच्या तारा नसत्या तर त्यांना बॅटरी आणि उंची तरी कशी दिसली असती? ते आकडेही त्याच केबलमधून मोबाइलवर येतात.

तरी दुसरी केबल लावून बघा, त्यात जातंय काय. आकड्यांना डेटा चिमूटभर लागतो, चित्राला भरपूर. पिन ढिली असेल तर आकडे तगून राहतात आणि चित्र मान टाकतं. त्याच दमात दुसरा मोबाइलही लावून बघा, शक्यतो वेगळ्या कंपनीचा. काही फोन बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅपचे पंख छाटतात, आणि काहींना ड्रोनकडून येणारा व्हिडिओ उलगडायला जमत नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगचं बटण असेल तर ते उलटं करून बघा.

मोजणीताई:

दादा, बोर्डापर्यंत एवढ्यात जाऊ नका. मी जमीन मोजणीच्या ड्रोनवर काम करते. आमची यंत्रं दांडगी असतात, पण चित्र हरवलं की शोधायची रीत तीच.

चित्र कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तयार होतं आणि जिंबलमधल्या बारीक केबलने ड्रोनच्या मुख्य बोर्डावर येतं. तिथे त्याला दोन वाटा फुटतात. एक वाट मेमरी कार्डाकडे जाते. दुसरीवर त्याचा आकार कमी करून ते रेडिओने रिमोटकडे पाठवतात, तिथून केबलने मोबाइल आणि मग अ‍ॅप. उंची, बॅटरी, सॅटेलाइट यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो, ते आकडे थेट बोर्डाकडून निघतात. म्हणजे तुमचा रेडिओ, रिमोट आणि मोबाइलची केबल हा रस्ता निदान उघडा आहे.

म्हणून मला एकच सांगा: कार्डावर काय येतंय? हे कुणीच बघत नाही, सगळे अ‍ॅपच्या मागे लागतात. कार्डावर चित्र स्वच्छ असेल तर कॅमेरा आणि जिंबल ठणठणीत, पुढे रेडिओकडे किंवा मोबाइलकडे शोधायचं. कार्डावरही काळं असेल किंवा रेकॉर्डिंगच होत नसेल तर घोळ कॅमेरा ते बोर्ड यांच्या दरम्यान. मग मोबाइल बदला, केबल बदला, अँटेना पूर्वेला करा नाहीतर पश्चिमेला, उपयोग नाही.

रेडिओवर माझा संशय तसाही कमी आहे. सिग्नल खराब झाला की चित्र अडखळतं, उशिरा येतं, चौकोन चौकोन होतात, शेवटी एका फ्रेमवर गोठतं, आणि अ‍ॅप तशी ओरडही करतं. मंगल कार्यालयात हे होतं, कारण पाहुण्यांचे हॉटस्पॉट आणि कार्यालयाचं वायफाय मिळून २.४ गिगाहर्ट्झवर बाजार भरलेला असतो. तिथे ५.८ वर गेलं की बरं पडतं, फक्त ५.८ ला भिंती आणि झाडं जास्त नडतात. तुमच्याकडे काड्या पूर्ण असून चित्र काळं आहे, हे रेडिओचं लक्षण वाटत नाही.

तपासणी घरीच करा. पंखे चारही काढा, हे आधी. जिंबलचं कव्हर काढलंय ना बघा. ड्रोन टेबलाच्या कडेला असा ठेवा की कॅमेऱ्याला खाली वळायला जागा मिळेल. समोर टेबल फॅन लावा, कारण जमिनीवर नुसता चालू ठेवलेला ड्रोन लवकर तापतो, आणि तापला की काही मॉडेल आपणहून बंद होतात. मग आपल्याला भलतंच कारण सापडतं. चित्र असेल त्या क्षणी रिमोटवरून रेकॉर्डिंग सुरू करा आणि जिंबलचं चाक अगदी सावकाश फिरवत कॅमेरा पूर्ण खाली आणि परत सरळ न्या. नंतर कार्ड लॅपटॉपला लावून बघा.

खडूस काका:

हे सगळं ठीक. पण चित्र दिसत नसताना ‘उडवून बघितला’? खाली माणसं असती म्हणजे? आणि धंद्यासाठी उडवताय, तर परवाना आहे का?

वायरमन:

काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

मोजणीताई:

काकांचा पहिला मुद्दा बरोबर आहे. दोष सापडेपर्यंत हा ड्रोन टेबलावरच राहू द्या, दादा.

परवान्याचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ धरलाय आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, धंदा असला तरी. मात्र वजन मोजायचं ते बॅटरीसकट. जास्त वेळ उडावा म्हणून मोठी बॅटरी घातली आणि काटा २५० च्या वर गेला की तोच ड्रोन ‘मायक्रो’ होतो, मग धंद्यासाठी प्रमाणपत्र हवंच. लग्नवाल्या मंडळींच्या हे गावीही नसतं. उडवायच्या आधी जागा कोणत्या झोनमध्ये येते ते सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. हिरव्या झोनमध्येही १२० मीटर ही हद्द आहे.

आणि नवीन उडवणाऱ्यांसाठी सांगते: हवेत असताना चित्र गेलं म्हणजे ताबा गेला असं नाही. पहिल्यांदा स्टिक सोडा. जीपीएस धरलेलं असेल तर ड्रोन आहे तिथे थांबतो. डोळ्यांनी ड्रोन शोधा. दिसत असेल तर नजरेने उतरवा, तोंड कुठे आहे कळत नसेल तर रिटर्न टू होमचं बटण दाबा. ते कॅमेऱ्याच्या चित्रावर नाही, जीपीएसवर चालतं. फक्त परतीची उंची आसपासच्या झाडांपेक्षा आणि टॉवरपेक्षा जास्त ठेवलेली असली पाहिजे, आणि ते काम उडवायच्या आधीचं.

फलटणचा_कॅमेरा:

काका, गावाबाहेरच्या मोकळ्या रानात उडवला होता, डोक्याएवढ्या उंचीवर. तरी तुमचं मान्य. बॅटरी मूळचीच आहे.

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं आणि चक्रावलो. दुसरा मोबाइल, दुसरी केबल, सगळ्यावर काळंच. मग पंखे काढून टेबलाच्या कडेला ठेवला आणि चाक फिरवत कॅमेरा खाली नेला. जवळजवळ पूर्ण खाली गेला आणि अचानक चित्र आलं! खालच्या मोझॅइक फरशीचा ठिपका न् ठिपका दिसत होता. तिथेच रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हळूहळू वर आणायला लागलो. निम्म्यावर आला तोच जांभळ्या-हिरव्या आडव्या रेघा, आणि सरळ झाल्यावर पुन्हा काळोख. परत खाली नेला तर परत फरशी.

कार्डावरही तेच. फरशी दिसते, रेघा येतात आणि क्लिप तिथेच तुटते.

मोजणीताई:

सापडलं मग. मोबाइल, अ‍ॅप, रेडिओ सगळे सुटले. कॅमेरा एका कोनात चित्र देतो आणि दुसऱ्या कोनात नाही, म्हणजे सेन्सर जिवंत आहे आणि बोर्डही ते चित्र घेतोय. अधेमधे तुटतेय ती जिंबलमधली केबल. हेडफोनची वायर पिनेजवळ आतल्या आत तुटते आणि एका बाजूला दाबून धरली की गाणं लागतं, तसलाच प्रकार. जिंबल सदानकदा हलत असतो, केबल त्याच घडीवर दुमडत राहते आणि एखादी तार दम सोडते.

लाल पट्टी का आली नाही तेही यातूनच कळतं. मोटरच्या तारा वेगळ्या, चित्राच्या वेगळ्या. मोटरच्या शाबूत आहेत, म्हणून जिंबल गुमान फिरतोय आणि अ‍ॅपला तक्रार करायला जागा नाही.

तरी आधी एक करा. कधीकधी केबल धड असते, तिचा बोर्डाकडचा कनेक्टर नुसता उचकटलेला असतो. उघडणाऱ्याला ते पहिल्यांदा बघायला सांगा.

सोल्डरगन:

ताईंशी सहमत. आता दुरुस्तीचं बोलू.

एक, पूर्ण जिंबल-कॅमेरा विकत घेऊ नका. नुसती केबल मिळते आणि दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये अख्खा जिंबल बदलला की तो ड्रोनशी जुळवून घ्यायला सर्व्हिस सेंटरचं सॉफ्टवेअर लागतं. केबलच बदलली तर सहसा अ‍ॅपमधल्या कॅलिब्रेशनवर भागतं.

केबल मागवताना मॉडेलचं पूर्ण नाव टाका. एकाच मालिकेतल्या दोन ड्रोनच्या केबल फोटोत जुळ्या दिसतात, पण लांबी आणि कनेक्टर वेगळे निघतात. काहींमध्ये चपटी पट्टी आणि केसासारख्या तारांचा जुडगा अशा दोन वस्तू असतात. चित्र साधारण त्या जुडग्यातून जातं, त्यामुळे फक्त पट्टी घेऊन मोकळे होऊ नका. भाग मिळतील. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांच्या नाही.

स्वतः उघडू नका असं माझं स्पष्ट मत. व्हिडिओत सोपं दिसतं. स्क्रू बाजरीच्या दाण्याहून बारीक, त्यात दोन लांबीचे. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर खालच्या पट्टीतून आरपार जाईल. तालुक्याच्या गावात मायक्रोस्कोपखाली मोबाइलचे बोर्ड करणारा एखादा पोरगा असतोच, त्याच्याकडे जा. ड्रोन कधी उघडला नसेल तरी चालेल, असल्या कनेक्टरवर त्याचा हात बसलेला असतो. त्याला तीन गोष्टी सांगा: प्रत्येक थराचा फोटो काढ, केबलची जुनी घडी जशी होती तशीच नवीन बसव, आणि जिंबल टांगलेले रबर ओढून काढू नकोस, एका बाजूने अलगद सरकव. घडी चुकली तर नवीन केबलही पुढच्या सीझनपर्यंत टिकायची नाही.

गच्चीवरून:

म्हणजे केबलच निघाली शेवटी. मी काय म्हणत होतो 😄

वायरमन:

तुमची केबल मोबाइलची होती हो.

फलटणचा_कॅमेरा:

अपडेट: केबल आली, मोबाइलवाल्याने बसवली. ताईंनी सांगितलेला कनेक्टर त्याने आधी तपासला, तो पक्का होता. जुनी केबल भिंगाखाली दाखवली, घडीवर दोन तारांचं आवरण फाटून तांबं उघडं पडलं होतं. आता कॅमेरा खाली, वर, कुठेही न्या, चित्र जात नाही. कार्डावरही स्वच्छ. मदरबोर्डवाल्या दुकानदाराला फोन करायचा मोह आवरला.

एकच राहिलंय. क्षितिज डावीकडे कललेलं दिसतंय. थोडंसंच, पण मंडपाचे खांब तिरके येतात. जिंबल कॅलिब्रेशन केलं, तरी तसंच.

सोल्डरगन:

जिंबलचं कॅलिब्रेशन ड्रोन सपाट आहे असं धरून चालतं. आधी आयएमयूचं (ड्रोनचा कल मोजणाऱ्या सेन्सरचं) कॅलिब्रेशन करा, तेही ड्रोन थंड असताना. फरशीवर नको, आपल्याकडे बाथरूमच्या दिशेने उतार असतो. काचेच्या टीपॉयवर लेव्हल लावून बघा आणि तिथे करा. मग त्याच जागी जिंबलचं. त्यानंतरही कल राहिला तर अ‍ॅपमध्ये जिंबलचं बारीक समायोजन असतं, त्यातला रोल (डावा-उजवा कल) एकेका टप्प्याने उजवीकडे सरकवा आणि समोर एखादी सरळ इमारत धरून जुळवा.

ड्रोनचं तोंड एकीकडे असताना क्षितिज सरळ आणि ड्रोन वळल्यावर तिरकं दिसत असेल तर मात्र रोल सरकवू नका. एखादं रबर नीट बसलेलं नाही. मोबाइलवाल्याकडे परत न्या.

फलटणचा_कॅमेरा:

रबरच होतं! मागचं एक अर्धवट बाहेर आलेलं. दाबून बसवलं, खांब सरळ झाले. सगळ्यांचे आभार, ताईंचे आणि सोल्डरगन दादांचे जास्त.

गच्चीवरून:

त्या मोबाइलवाल्याचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा भाऊ. माझ्या ड्रोनलाही हल्ली जांभळ्या रेघा यायला लागल्यात.