मदत हवी आहे : आर्केड मॉनिटरवर एकाच्या जागी दोन चित्रं

रामबागकर : काकांच्या जुन्या गेम पार्लरचं कॅबिनेट घरी आणलंय. गणपतीला पाच दिवस राहिलेत, आरास झाली की मुलांसाठी चालू करायचंय. ड्रीमकास्ट (सेगाचा जुना गेम कन्सोल) जोडला तर शेजारी-शेजारी दोन चिरलेली चित्रं येतात, तीही थरथरत. मूळ गेम बोर्डवर मॉनिटर ठणठणीत चालतो. काय करू? लवकर सांगा.

मालवी_पोहे : ट्यूब काढून एलसीडी बसव. मी तेच केलं.

रामबागकर : एलसीडी नकोय, काकांची आठवण आहे ती.

जुनाटीव्ही : मागचा एच-होल्ड (चित्र आडवं जुळवायचं बटण) हळूहळू फिरव, जुळेल.

सोल्डरकाका : नाही जुळणार! होल्डने थोडाफार फरक निघतो, दुप्पट नाही. आधी सांग, केबल कुठली?

रामबागकर : व्हीजीए बॉक्स, कन्सोल कॉम्प्युटरच्या मॉनिटरला जोडायचा. तो लिहायचा राहिला.

सोल्डरकाका : तिथेच घोळ आहे. व्हीजीए बॉक्स लावला की ड्रीमकास्ट ३१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१ हजार ओळी सोडतो, तुझा मॉनिटर १५ किलोहर्ट्झचा. त्याची एक ओळ होईतो सिग्नलच्या दोन संपतात, म्हणून दोन चित्रं. आत्ता बंद कर, मॉनिटरच्या आडव्या आउटपुटचा (ओळी काढणारा) ट्रान्झिस्टर तापतो.

इंदुरी_नाना : आमच्याकडे व्होल्टेज फार खालीवर होतं, आधी स्टॅबिलायझर घ्या.

सोल्डरकाका : नाना, ही फ्रिक्वेन्सी विजेची नाही हो. रामबागकर, आरजीबी स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे देणारी) आण, तिच्यावर १५च येतं. पण तिच्यात सिंक (ओळ कुठे सुरू होते ते सांगणारा सिग्नल) व्हिडिओत मिसळलेला असतो, तो एलएम १८८१ या आयसीने वेगळा करून मॉनिटरला दे. गेम विचारेल तेव्हा ६० हर्ट्झ निवड. आणि कॅबिनेटमधला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मॉनिटर घरच्या विजेपासून वेगळा ठेवणारा) काढू नकोस, मॉनिटरच्या चॅसिसला (आतल्या सर्किटला) करंट असू शकतो.

इंदुरी_नाना : अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला येताय ना सगळे?

जुनाटीव्ही : माझ्या मॉनिटरवर होल्डनेच जुळलं होतं.

सोल्डरकाका : तुझा सिग्नल १५चाच असणार.

रामबागकर : आयसी जेल रोडवर मिळाली, केबल मित्राकडची. चित्र एकच, स्थिर! काकांना बोलावून दाखवलं, बराच वेळ काचेवर हात ठेवून उभे होते. पण रंग फारच फिके आहेत, ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघितला.

सोल्डरकाका : कन्सोल ०.७ व्होल्ट देतो, आर्केड बोर्ड त्याच्या कितीतरी पट. ब्राइटनेस खाली आण, नाहीतर काळा रंग राखाडी होईल. मध्ये आरजीबी अॅम्प्लिफायर लागेल. मॉनिटर चॅसिसचा नंबर टाक, फोटोसकट.

रामबागकर : ट्यूबमागे धूळ आहे, पुसून टाकतो.

सोल्डरकाका : थांब! प्लग काढ आणि हात आत घालू नकोस, ट्यूबमध्ये चार्ज उरतो. बाहेरून टॉर्च मार.