बोअरच्या पाण्यानं पांढरे कपडे राठ झालेत, व्हिनेगर नेमकं कसं वापरायचं?

वडगावची सून

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही शहापूरच्या जुन्या घरातनं येळ्ळूर रोडकडं नव्या घरात राहायला आलो. तिकडं नळाला राकसकोप धरणाचं पाणी यायचं, साबण नुसता हाताला लागला की फेस. इथं सगळं बोअरवर.

आमचे मामंजी माळकरी आहेत. धोतर, नेहरू शर्ट, टोपी, सगळं पांढरं. दरवर्षी आषाढीला दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जातात. त्यांना पावडरचा वास सोसत नाही म्हणून त्यांचे कपडे मी तेलाच्या साबणाच्या वडीनं, हातानंच धुते. इथं आल्यापासनं बादलीत पाण्यावर फाटलेल्या दुधासारखा चुरा तरंगतो आणि तोच कपड्यात बसतो. चार महिन्यांत धोतर राखाडी पडलं. टोपी वाळली की पापडासारखी कडक होते. शर्टाची कॉलर घासून मानेवर लाल चट्टा उठलाय. ते बोलत नाहीत, पण मला दिसतंय.

व्हिडिओत पांढऱ्या व्हिनेगरचं बघितलं. रविवार पेठेतनं बाटली आणली, वर ५ टक्के ॲसेटिक ॲसिड असं लिहिलंय. पण प्रत्येकजण वेगळंच सांगतो. एकजण म्हणते साबणातच ओत, दुसरी म्हणते खायचा सोडा घाल, तिसरी म्हणते ब्लीच पण घाल म्हणजे दूध होतंय.

कपड्यांना हात लावायच्या आधी मी नळावर करून बघितलं. तोटीभोवती पांढरा थर होता, त्याला व्हिनेगरचं फडकं गुंडाळून तासभर ठेवलं. तोटी नव्यासारखी झाली. पण फडक्यातनं ओघळ आला होता तो खाली कडप्प्याच्या ओट्यावर. पुसायला गेले तर बारीक बुडबुडे येत होते. आता तिथं बोटभर रुंदीचा पांढुरका पट्टा पडलाय, तो जातच नाही. दगडाचं असं होतंय तर धोतराचं काय होईल, या भीतीनं बाटली तशीच ठेवलीय. कुणी खरोखर वापरलं असेल तर सांगा.

शापूरचा परीट

वैनी, धोतराला काही होत नाही, घाबरू नका. आमचा पिढीजात धंदा कपडे धुण्याचा. वडील मार्कंडेय नदीला गाढवावरनं गाठोडी न्यायचे, मी हौदावर धुतो. तीस वर्षं लॉजच्या चादरी आणि लग्नाघरची धोतरं हातातनं गेली आहेत. व्हिनेगर मी अलीकडं धरलं, पण आता सोडणार नाही.

एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. व्हिनेगर साबणाबरोबर नाही, साबण निघाल्यावर. शेवटच्या पाण्यात. साबणात ओतलात तर साबण फाटतो, तूप थिजल्यासारखा चिकट होऊन कपड्यालाच बसतो. मी एकदा घाई केली होती. बारा उशांचे अभ्रे तेलकट झाले, परत गरम पाण्यात धुवावे लागले. गिऱ्हाईक दारात उभं आणि अभ्रे ओले.

रोजच्या धुण्याला असं करा. कपडे दोन पाण्यांतनं काढा. तिसऱ्या पाण्याला, २० लिटरच्या बादलीला, अर्धी वाटी व्हिनेगर. कपडा बुडवा, दहा मिनिटं ठेवा, पिळा, उन्हात टाका. वास येईल म्हणून भिऊ नका, वाळेपर्यंत उडून जातो. टोपीला खळ लावायची असली तर व्हिनेगरनंतर एकदा साध्या पाण्यातनं काढा, मग खळ.

पण तुमच्या धोतरात चार महिन्यांचा थर बसलाय, त्याला हे पुरणार नाही. त्याला उलटं करायचं. आधी एक वाटी व्हिनेगर अर्ध्या बादली कोमट पाण्यात, धोतर तासभर भिजत. मग चांगलं खळबळून काढा. त्यानंतर गरम पाण्यात वास नसलेल्या लिक्विडनं धुवा. व्हिनेगरनं थर सुटतो खरा, पण त्यातला तेलकटपणा कपड्यातच राहतो, तो धुऊनच काढावा लागतो. बरेच लोक इथंच चुकतात आणि म्हणतात व्हिनेगरनं काही झालं नाही. मळलेल्या धोतराला हे दोनदा करायला लागेल.

आणि ब्लीच? त्या बाईला सांगा, परत असं कुणाला सांगू नको म्हणून.

खानापूर, पीयू कॉलेज

परीट दादांनी सांगितलेलं शंभर टक्के बरोबर आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ब्लीचबद्दल आधी लिहिते.

ताई, व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. एका बादलीत नाही, एकामागोमाग एका मोरीतही नाही. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ब्लीच मिसळलं तरी तेच होतं. कधी चुकून झालंच तर बादली उचलत बसू नका, दार उघडं टाकून आधी बाहेर या. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतात, म्हणून कळकळीनं सांगते.

खायच्या सोड्याचा धोका नाही, पण उपयोगही नाही. सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. फसफस दिसते तो कार्बन डायऑक्साइड. फेस बसला की मागं सोडियम ॲसिटेटचं पाणी राहतं, त्यानं ना थर निघतो ना डाग. दोन चांगल्या वस्तू एकमेकींना मारून टाकतात.

आता तुमच्या चुऱ्याबद्दल. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेलाचा साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चुन्याचा साबण होतो, तोच तुमचा तरंगणारा चुरा. डिटर्जंटचं असं फारसं होत नाही. मामंजींना वास सोसत नसेल तर बिनवासाचं घ्या, पण वडी शक्यतो सोडाच. सोडायचीच नसेल तर पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा (खायचा नव्हे), क्षार खाली बसतील, मग वरच्या पाण्यात साबण लावा.

ओट्याचं वाईट वाटलं. कडप्पा हा चुनखडीचाच दगड. शहाबादी फरशी, संगमरवर तीच जात. मोझॅक टाइल्समध्येही संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं. तोटीवरचा पांढरा थर आणि तुमचा ओटा, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरला दोन्ही सारखेच, ते दोन्ही खातं. तुम्ही बघितलेले बुडबुडे म्हणजे दगड विरघळत होता. तो पट्टा डाग नाही, तिथलं पॉलिश गेलंय. खोबरेल तेलाचा हात फिरवलात तर काही दिवस झाकेल. कायमचं हवं तर दगड पॉलिश करणाऱ्याला बोलवावं लागेल. यापुढं तोटीला फडकं गुंडाळताना खाली ताट ठेवत जा.

निपाणीची आक्का

मशीनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडं पण बोअर. महिन्यातनं एकदा रिकाम्या मशीनला दोन वाट्या व्हिनेगर घालून गरम पाण्यावर फिरवायचे, आतला कुबट वास जायचा. पण रोज सॉफ्टनरच्या खणात ओतू नका गं. आधी मी तसंच करत होते. पुढून उघडणारं मशीन, दाराचं रबर चिकट होऊन तडकलं. दुरुस्तीवाला म्हणाला, आंबट पाणी रबराला सोसत नाही. आता मशीनला लिंबूसत्व वापरते, तेही क्वचितच.

दुसरं, गोव्याकडनं ताडीचं व्हिनेगर आणतात बघा, आमच्या जाऊबाई सोरपोतेलच्या मटणाला आणतात. ते तांबूस, गढूळ असतंय. पांढऱ्या कपड्यांना चुकूनसुद्धा नको. गोबी मंचुरीच्या गाड्यावर असतंय तसलं पाण्यासारखं स्वच्छच घ्या. बिडाच्या तव्याला पण नको, तेल मुरवून केलेला तवा एका धुण्यात उघडा पडतोय. तांब्यापितळंला तर लागतच नाही, त्याला चिंच आहे की आपली. शेजारच्या कन्नड आक्का हुणसेहण्णू म्हणतात आणि माझ्यापेक्षा घागर चकचकीत ठेवतात.

मागवाल्यांचा नातू

एक गोष्ट बरेचजण विचारतात म्हणून सांगतो, तुम्ही विचारलं नाही तरी. नवी सुती साडी व्हिनेगरमध्ये भिजवली की रंग पक्का होतो, असं सगळीकडं लिहिलेलं असतंय. खासबागेत आमच्या घरी माग होते, सूत रंगवताना मी बघितलंय. रेशीम आणि लोकर ज्या रंगांनी रंगवतात त्यातल्या बऱ्याच रंगांना आंबट पाणी लागतंय, हे खरं. पण सुताचे रंग वेगळे. सुती साडीचा रंग रंगवतानाच बसला पाहिजे, नंतर व्हिनेगर घालून बसत नाही. रंग सुटतोय तर ती साडी वेगळी, गार पाण्यात, पटकन धुवा आणि सावलीत वाळवा. मामंजींच्या धोतराबरोबर तर अजिबात नको.

वडगावची सून

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज पंधरवडा झाला, म्हणून सांगायला आले.

परीट दादा, तुम्ही सांगितलं तसं आधी व्हिनेगरमध्ये भिजवलं. तासानं हात घातला तर पाणी ताकासारखं झालं होतं. खळबळून काढलं, मग गरम पाणी आणि बिनवासाचं लिक्विड. पहिल्या खेपेला धोतर मऊ झालं पण राखाडी राहिलं. दुसऱ्या खेपेला काठाजवळचं पांढरं दिसायला लागलं. एका धोतराच्या घडीत मात्र पिवळट रेघ आहे, ती काही गेली नाही.

ब्लीचची बाटली मोरीतनं काढून वरच्या माळ्यावर ठेवली. ज्यांनी सांगितलं होतं त्यांनाही फोन करून सांगितलं.

मामंजींनी नवीन शर्ट काढला का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं, तोच आहे. त्यांनी कॉलरवरनं अंगठा फिरवून बघितला आणि तसेच भजनाला गेले. मानेवरचा चट्टा उतरतोय.

आता एकच विचारायचं होतं. दिंडीत पंधरा दिवस मिळेल त्या पाण्यात कपडे धुवावे लागतात. लहान बाटली बरोबर दिली तर चालेल का?

शापूरचा परीट

द्या की वैनी. पण काचेची नको, प्लास्टिकची, झाकण घट्ट. वर मोठ्या अक्षरात लिहा, पाण्याची बाटली म्हणून कुणी तोंडाला लावायला नको. एका बादलीला दोन झाकणं पुरे, तिथं वेळही नसतो. आणि पिवळी रेघ राहिलेलं ते धोतर धुऊन ओलंच उन्हात टाका, चार-पाच दिवस रोज, वाळलं की परत पाणी मारून. पाऊस लागायच्या आधी करा.