नट-बोल्टवर धुराचा कर: युरोपचं हे कितपत बरोबर?

भोसरीकर:
आमचा भोसरीत नट-बोल्टचा छोटा कारखाना आहे, माल जर्मनीला जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाने एक एक्सेल पाठवली आहे. टनभर बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, ते भरा म्हणे. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे सीबॅम. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसते अहवाल मागायचे, १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा मामला सुरू झाला.

आमच्याकडे वायर रॉडची कॉइल येते, हेडिंग मशीनवर बोल्टचं डोकं बसतं, थ्रेड रोलिंग, हीट ट्रीटमेंट, की माल तयार. खरा धूर निघाला पोलाद कारखान्याच्या भट्टीत. तो आकडा मी कॉइलच्या व्यापाऱ्याकडे मागितला, तर म्हणतो, "टेस्ट सर्टिफिकेटात कार्बन लिहिलाय की, ०.३५ टक्के!" अहो, तो पोलादातला कार्बन!

माझ्या मते ही सरळसरळ जकात आहे, फक्त हिरव्या कापडात गुंडाळलेली.

राईनकाठचा:
असहमत. इथले पोलाद कारखाने २००५ पासून कार्बन परवान्यांच्या बाजारात आहेत, म्हणजे जितका धूर सोडायचा तितके परवाने लागतात. त्यांना फुकट मिळणारे परवाने २०३४ पर्यंत पूर्ण बंद होणार, तसतसा सीबॅम चढणार. २०२६ मध्ये धुराच्या जेमतेम अडीच टक्क्यांवर भार आहे. नाहीतर इथल्या भट्ट्या बंद पडून तोच धूर दुसऱ्या देशातून निघेल. शिवाय पैसे भरतो आयातदार, आणि वर्षाला ५० टनांपर्यंत आणणाऱ्याला माफी आहे.

भोसरीकर:
५० टन म्हणजे बोल्टचे दोन कंटेनर हो! तेही आयातदाराने जगभरातून आणलेलं सगळं मिळून. आणि आयातदार भरतो म्हणता, पण पुढच्या कोटेशनला तो ते कुणाच्या भावातून कापेल?

दिंडोरीची बाग:
भाऊ, आम्ही हे २०१० मध्ये भोगलंय. द्राक्षांत सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलीग्रॅम. आम्हीही ब्रसेल्सला शिव्या घातल्या. पण खरं सांगू? ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदप्रणालीवर, प्लॉटची नोंद तेव्हाही होती, आपल्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं. मग दोष कोणाचा? आता फवारणीच्या वहीत तारीख, मात्रा सगळं लिहिलेलं असतं. ती वही मला इथल्या बाजारातही उपयोगी पडते.

भोसरीकर:
तुमचं दुःख मान्य. पण फवारणीचा पंप तुमच्या हातात होता. भट्टी माझ्या हातात नाही. मोठा कारखाना माझा फोनसुद्धा घेत नाही. खरा आकडा नसेल तर युरोपने ठरवलेला आकडा लागतो, तो बहुधा चढाच. बड्या निर्यातदाराकडे यासाठी अख्खा विभाग असतो, माझ्याकडे अकाउंटंट आहे, तोही अर्धवेळ.

अर्धा ग्लास:
नियमापेक्षा त्यांच्या धरसोडीचा मला जास्त राग येतो. जंगलतोडीविरुद्धचा कायदा बघा: कॉफी, कोको, रबर कोणत्या जमिनीतून आलं ते दाखवा. २०२३ मध्ये मंजूर झाला, २०२४ अखेर लागू होणार होता, मग एक वर्ष पुढे, मग आणखी एक वर्ष. ज्यांनी वेळेत खर्च करून नकाशे काढले ते मूर्ख ठरले. तिकडच्या राजकारणात वारा फिरला की इकडे मळ्यात हिशेब बदलतो.

बाकी सीबॅममध्ये एक फट आहे. मूळ देशात भरलेला कार्बनचा पैसा वजा मिळतो. मग तो आपणच इथे का वसूल करू नये? निदान पैसा देशात राहील.

भोसरीकर:
राहील हो, पण जाणार माझ्याच खिशातून ना?

राईनकाठचा:
हा मुद्दा मात्र बिनतोड.

दिंडोरीची बाग:
एकट्याने फोन करू नका. आम्ही प्रयोगशाळेकडे गावचे पंधरा जण मिळून गेलो, तेव्हा दर खाली आला. तुमच्या भागातले सगळे बोल्टवाले मिळून त्या कारखान्याला पत्र द्या.

भोसरीकर:
बोललोय. शनिवारी बैठक आहे. एक्सेल शुक्रवारी द्यायची आहे.