जनरेटर सुरू होतो पण करंट येत नाही, मदत हवी आहे

घाईतला_गडी: इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतंय, आवाज नेहमीसारखाच, पण सॉकेटला करंट नाही. ट्रिप स्विच बघून झाला. काय करू? जरा लवकर सांगा.

तारांगण: कुठला जनरेटर? ब्रशवाला (म्हणजे फिरत्या भागाला टेकून करंट देणारे कार्बनचे तुकडे असलेला), बिनब्रशचा की इन्व्हर्टरवाला? किती दिवस बंद होता?

घाईतला_गडी: साधा पेट्रोलवाला हो. पावसाळाभर पडून होता.

बॅटरीबहाद्दर: मग रोटरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागाचं, उरलेलं चुंबकत्व गेलं, त्याशिवाय करंट तयार व्हायला सुरुवातच होत नाही. १२ व्होल्टची बॅटरी ब्रशना दोन-तीन सेकंद टेकवा, करंट आलाच म्हणून समजा. मी नेहमी हेच करतो.

तारांगण: काहीही काय! ब्रश आहेत की नाहीत हेच माहीत नाही. असले तरी आधी एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या) वायरी काढायला हव्यात, प्लस-मायनस बघायला हवं. नाहीतर एव्हीआर जळायचा.

मोकळा_वेळ: थोडी रेस वाढवून बघा.

तारांगण: नको! दोन पोलच्या (रोटरवर दोन चुंबकीय ध्रुव असलेल्या) मशीनला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएमच, म्हणजे मिनिटाला ३००० फेरेच लागतात. रेस वाढवून ठेवलीत आणि मध्येच करंट आला, तर जोडलेली उपकरणं जातील.

शांतताप्रेमी: इन्व्हर्टर जनरेटर घ्या. कायमचुंबकावर एसी तयार होते, तिची डीसी, मग सर्किट परत ५० हर्ट्झची एसी करतं. लोड कमी असला की इंजिनही हळू. आवाज नाही!

तारांगण: त्यांनी नवीन घ्यायचा सल्ला मागितलेला नाही. धागाकर्ते, मागचं झाकण काढा. ब्रश दिसतात का? आणि इंजिन चालू असताना सॉकेटवर मल्टिमीटर किती दाखवतो?

अवांतर_आजोबा: सायकलच्या डायनॅमोत चुंबकच फिरतं, म्हणून ही भानगडच नाही. फॅरडेने १८३१ साली...

घाईतला_गडी: ब्रश नाहीत. मीटर ३ व्होल्ट दाखवतो. आत एक पांढरा डबा आहे, त्याचं टोक फुगलंय.

तारांगण: हे आधी सांगायचं ना राव! ३ व्होल्ट येतायत म्हणजे चुंबकत्व शाबूत आहे. बिनब्रशच्यात कपॅसिटरच (वीज साठवणारा भाग) रोटरला उत्तेजन, म्हणजे चुंबक बनवणारा करंट, मिळवून देतो. तो मेला की व्होल्टेज चढतच नाही. तो फुगलेला डबा म्हणजे तोच. इंजिन बंद करून, बल्बच्या वायरी लावून आधी डिस्चार्ज करा, मग हात लावा. नवा तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त. तरीही नाही आला तर रोटरवरचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) तपासा.

बॅटरीबहाद्दर: तरी एकदा बॅटरी लावून बघायला काय हरकत आहे?

तारांगण: लावणार कुठे? ब्रशच नाहीत!